बर्फाची वाट पाहणारी माणसे

वैशाखाच्या ऐन उकाड्यात विलायतेतल्या बर्फाची गोष्ट सांगावयास आम्ही उभे राहिलो, म्हणजे श्रोत्यांना थंडावा देण्याचा हा एक स्वस्तातला उपाय आहे असे कोणी म्हणेल. म्हणेना का! पण बर्फ हा आमचा खरा विषय नाही. बर्फाची वाट पाहणारी माणसे हा आमचा विषय आहे.

इंग्लंडात हवामानाचे वेड असलेल्या हौशी माणसांची एक जुनी परंपरा आहे. डिसेंबर लागला की हे लोक वाऱ्याची दिशा पाहू लागतात, हवेच्या दाबाचे नकाशे चाळू लागतात, आणि रात्री निजण्यापूर्वी पडदा बाजूला सारून रस्त्यावरच्या दिव्याकडे पाहतात. कारण अंधारात बर्फाचा पहिला कण दिव्याच्या उजेडातच दिसतो. एखाद्या वर्षी हिवाळा उबदार आणि कोरडा निघतो. डिसेंबर जातो, जानेवारी जातो, बर्फाचे नाव नाही. तरी यांची आशा सुटत नाही. आपल्याकडे मृग कोरडा गेला की शेतकरी आर्द्राकडे डोळे लावतो, तशातलाच हा प्रकार. फरक एवढाच की शेतकऱ्याचे पोट पावसावर असते आणि यांचे पोट बर्फावर नसते. मग ही माणसे वाट का पाहतात, आणि त्यांच्या वाट पाहण्याचा जगाला काही उपयोग झाला काय?

प्रथम तिथल्या हवेची तऱ्हा समजून घेतली पाहिजे. इंग्लंड उत्तरेला आहे खरे; पण तिथे वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो आणि अटलांटिक महासागराची ऊब बरोबर घेऊन येतो. त्यामुळे ऐन हिवाळ्यातही सरासरी तपमान शून्याच्या वर चार-पाच अंशांवर घुटमळत राहते. वारा पूर्वेचा किंवा उत्तरेचा झाला म्हणजे बर्फाची शक्यता. पण त्यात ओलावा हवा, आणि तपमान एखाददुसऱ्या अंशाने जरी चढले तरी बर्फाचा पाऊस होतो. उलट, जास्त दाबाची हवा बेटावर ठाण मांडून बसली म्हणजे ना पाऊस, ना बर्फ. नुसते करडे आभाळ आणि कोरडे दिवस. इतक्या थोडक्या अंतराने जी गोष्ट हुकते, तिची ओढ माणसाला अधिक लागते.

या ओढीला इतिहासाचेही एक कारण आहे. एकोणिसाव्या शतकाचे दुसरे दशक इंग्लंडात फार थंड गेले. चार्ल्स डिकन्स १८१२ साली जन्मला. त्याचे बालपण त्या थंडीत गेले, आणि त्याच्या १८४३ सालच्या नाताळकथेने थंडी-बर्फाचे चित्र इंग्रजांच्या मनात कायमचे बसवले. फेब्रुवारी १८१४ मध्ये लंडनची थेम्स नदी गोठली आणि तिच्यावर चार-पाच दिवस जत्रा भरली. दुकाने लागली, छापखाने मांडले गेले. आमच्यासारख्याचे लक्ष मात्र त्या जत्रेतल्या नावाड्यांकडे जाते. नदी गोठली म्हणजे त्यांचा रोजगार बुडाला. तेव्हा त्यांनी काय करावे? काठापासून बर्फावर उतरण्याच्या वाटा त्यांनी अडवल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडून दोन-तीन पेन्स वसूल केले. लोकांच्या मौजेत आपली भाकरी शोधण्याची ही धडपड इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत संपते. पण ती ओळ आम्हांला साऱ्या जत्रेपेक्षा मोठी वाटते.

कारण बर्फ सर्वांना सारखे पडत नाही. १९४७ च्या हिवाळ्यात इंग्लंडात बर्फाने रेल्वे अडल्या, खाणीतला कोळसा खाणीच्या तोंडाशी पडून राहिला, वीज तुटली, कारखाने बंद झाले आणि लाखो कामगार घरी बसले. १९६२ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी बर्फ सुरू झाले. पुढे मार्चपर्यंत थंडी हटली नाही. १७४० नंतर इतका थंड हिवाळा मध्य इंग्लंडाने पाहिला नव्हता. हौशी मंडळींची चंगळ झाली. पण गोठलेल्या जमिनीत पाया खणता येत नाही आणि थंडीत चुना-सिमेंट धरत नाही. बांधकामावरच्या मजुरांचे आठवड्यांमागून आठवडे कोरडे गेले. लगेच पुढचा, १९६३-६४ चा हिवाळा आला तो अगदी उलट तऱ्हेचा. इंग्लंड आणि वेल्समध्ये तीन महिन्यांत पाऊस-बर्फ मिळून ८९ मिलिमीटरच्या आसपास भरले. १७६६ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा हिवाळा दुसरा नाही. बर्फवेड्यांची निराशा झाली असेल; गवंड्याची चूल मात्र पेटती राहिली.

एवढ्यावरून या हौशी लोकांना नावे ठेवून आम्ही मोकळे झालो असतो. पण एक प्रश्न आडवा येतो. १७६६ पासून इतका कोरडा हिवाळा झाला नाही, हे कळले कसे? कोणीतरी रोज लिहून ठेवले म्हणून कळले!

हे लिहिणारे कोण होते, ते ऐका. जॉर्ज सायमन्स नावाच्या तरुणाने १८६० साली इंग्लंडातील पावसाच्या नोंदी गोळा करण्यास आरंभ केला. सुरुवातीस १६८ ठिकाणे होती. १९०० साली तो वारला तेव्हा ती तीन हजारांच्या वर गेली होती. मोजणारे पाद्री होते, डॉक्टर होते, शिक्षक होते, बागांचे माळी होते. बहुतेकांना पगार नव्हता. सकाळी पर्जन्यमापक उघडायचा, पाणी मोजायचे, बर्फ पडले असेल तर ते वितळवून त्याचे पाणी मोजायचे, आणि आकडा वहीत उतरवायचा. कोरड्या दिवशी शून्य लिहायचे. श्रोतेहो, हे शून्य लिहिणे सर्वांत कठीण! बर्फ पडले त्या दिवशी कोणीही उत्साहाने लिहील. चाळीस दिवस काही न घडता एकेचाळिसाव्या दिवशी पुन्हा थंडीत बाहेर जाऊन 'काही नाही' अशी नोंद करणे, याला निष्ठा लागते.

या निष्ठेचे फळ फार उशिरा दिसले. २०२० साली महामारीमुळे लोक घरात अडकले, तेव्हा रेडिंग विद्यापीठाने या जुन्या हस्तलिखित तक्त्यांची चित्रे लोकांपुढे ठेवली. सोळा हजारांवर स्वयंसेवकांनी पासष्ट हजार तक्त्यांतील पन्नास लाखांहून अधिक आकडे काही आठवड्यांत उतरवून काढले. त्यातून ब्रिटनच्या पावसाचा इतिहास १८३६ पर्यंत मागे गेला, आणि १८४४ चा मे महिना साऱ्या नोंदींतला सर्वांत कोरडा मे ठरला. जे घडले नाही त्याचीही नोंद ठेवणाऱ्यांनी हे ज्ञान दिले.

शून्याची किंमत आम्ही आमच्या धंद्यातही पाहिली आहे. एका ओतशाळेत उष्णतेचा तंटा होता. मालकपक्ष म्हणे, कामगार वाढवून सांगतात. तेव्हा एका मोल्डरने भट्टीजवळ थर्मामीटर टांगला आणि उन्हाळाभर पाळीत तीन वेळा आकडा लिहिला. भट्टी बंद असे त्या दिवशीचे कमी आकडेही त्याने गाळले नाहीत. समेट अधिकाऱ्याने ती वही चाळली आणि त्या कमी आकड्यांमुळेच जास्त आकड्यांवर त्याचा विश्वास बसला. पंखे आले, विश्रांतीची दहा मिनिटे मिळाली. वहीत सोयीचे तेवढेच लिहिले असते, तर ती वही रद्दीत गेली असती.

आपल्या देशाचाही या कथेशी संबंध आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने पुणे, सोलापूर, नगर, सातारा हे जिल्हे होरपळले. १८७५ साली स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याचा पहिला प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड याने पावसाचा माग काढताना हिमालयाकडे पाहिले. तेथे उशिरापर्यंत पुष्कळ बर्फ पडले की मैदानावर कोरडे वारे वाहतात आणि मोसमी पाऊस रोडावतो, असा संबंध त्याने १८८४ साली मांडला. हा संबंध पुढे दर वर्षी खरा ठरला नाही. पण मोसमी पावसाचा अंदाज बांधण्याची रीत त्यातूनच सुरू झाली. हिमालयात पडलेल्या आणि न पडलेल्या बर्फाची नोंद अशी दख्खनच्या ज्वारीपर्यंत पोहोचते.

शेवटी स्कॉटलंडातील एक नोंद सांगतो. ब्रेरिआख नावाच्या डोंगराच्या कुशीत बर्फाचा एक लहानसा तुकडा उन्हाळाभर टिकून राही. गिर्यारोहक आणि हौशी निरीक्षक पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या भेटीला जात आले. तो तुकडा १९३३ साली पूर्ण वितळला, तेव्हा ती मोठी अपूर्व घटना वाटली. नंतर १९५९, मग १९९६. त्यानंतर २००३, २००६, २०१७, २०१८, २०२१, २०२२. ही साले नुसती एकापुढे एक वाचा. पृथ्वी तापते आहे हे सांगण्यास याहून साधे कोष्टक आम्हांला ठाऊक नाही. आणि ते त्या बर्फावर जीव असणाऱ्यांनीच लिहिले. जे मनापासून हवे आहे ते नाहीसे होत असताना त्याची तारीख प्रामाणिकपणे टिपणे, हे सोपे नाही.

आशेने बर्फ पडत नाही, हे त्या मंडळींना आपल्याहून अधिक ठाऊक आहे. पण आशा नसती तर कोणी रोज खिडकीशी गेले नसते, आणि कोणी गेले नसते तर वही कोरी राहिली असती. आपल्या गावातही विहिरींचे पाणी उतरते आहे, उन्हाळे वाढत आहेत. पाऊस यावा असे आपणा सर्वांस वाटते. वाटण्याबरोबर आपल्यापैकी दहा जणांनी जरी रोज विहिरीची पातळी आणि दुपारचे तपमान वहीत लिहावयास घेतले, आणि काही न घडल्याचे दिवसही त्यात टिपले, तरी पुढे न्याय मागणाऱ्याच्या हाती एक पुरावा राहील. वही चार आण्यांची असो की चाळीस रुपयांची. लिहिणारा रोजचा हवा.