विटा मोजल्या, निवाडा नाकारला

इमाम अबू हनीफा यांना आपण फिकहचे इमाम म्हणून ओळखतो. देशावरच्या, मराठवाड्या-विदर्भातल्या बहुतेक मुसलमानांची नमाजापासून निकाहापर्यंतची रीत त्यांच्याच मसलकनुसार चालते. (कोकणातले आपले भाऊ शाफई, तो वेगळा विषय.) पण हे इमामसाहेब पोटापाण्यासाठी काय करत, असं वर्गात विचारलं की शांतता पसरते. ते कापडाचे व्यापारी होते. हिजरी ८० म्हणजे इसवी सन ६९९ च्या सुमारास कूफ्यात जन्मलेल्या या माणसाचं तिथेच रेशीममिश्रित कापडाचं दुकान होतं.

दुकानाचा एक किस्सा चरित्रकारांनी जपला आहे. भागीदार हफ्स यांच्याकडे त्यांनी माल विकायला पाठवला. एका ठाणात दोष होता. गिऱ्हाइकाला तो दाखवूनच विक, असं बजावलं होतं. हफ्स विसरले. गिऱ्हाईक निघून गेलं, कोण होतं तेही आठवेना. इमामसाहेबांनी त्या एका ठाणाचेच नव्हे, सगळ्या मालाचे पैसे दान करून टाकले. चांगले आणि दोषी पैसे आता वेगळे कसे काढणार?

हा हिशेब लक्षात ठेवला की पुढची गोष्ट समजते.

उमय्यांच्या शेवटच्या काळात इराकचा सुभेदार इब्न हुबैरा याने त्यांना सरकारी पद देऊ केलं. त्यांनी नकार दिला आणि फटके खाल्ले. मग सत्ता अब्बासींकडे गेली. खलिफा मन्सूरने काझीपद पुढे केलं. वरवर हा मोठा सन्मान होता. पण मन्सूरविरुद्ध इसवी सन ७६२ मध्ये बसऱ्यात झालेल्या उठावाला इमामसाहेबांची सहानुभूती होती, हे खलिफाला ठाऊक होतं. त्याला न्यायाधीश नको होता, शिक्का हवा होता. अबू हनीफा काझी झाले की दरबाराच्या प्रत्येक निर्णयावर आपोआप त्यांचं नाव लागणार होतं.

प्रसिद्ध संवाद असा सांगतात. इमामसाहेब म्हणाले, "मी या पदाला लायक नाही." खलिफा म्हणाला, "खोटं बोलता." ते म्हणाले, "मग प्रश्नच मिटला. खोटं बोलणारा माणूस काझी कसा चालेल?" हा भाग सगळ्यांना आवडतो, जलशांत हमखास ऐकायला मिळतो. मला मात्र तबरीने दिलेली एक कोरडी नोंद जास्त मोलाची वाटते. मन्सूरने शपथच घातली, तेव्हा इमामसाहेबांनी बगदाद शहराच्या बांधकामावर विटांची देखरेख करण्याचं काम पत्करलं. एकेक वीट मोजण्याऐवजी बोरूची काठी घेऊन त्यांनी विटांचे ढीग मापले.

म्हणजे सरकारी काम म्हणून सरसकट सोवळं पाळलं नाही. विटा खलिफाच्याच होत्या, शहरही त्याचंच होतं. पण विटांची संख्या खलिफाच्या मर्जीनुसार बदलत नाही. निवाडा बदलू शकतो. त्यांनी काम आणि काम यांत फरक केला, आणि जिथे आपला शब्द दुसऱ्याच्या इच्छेने वळवला जाणार होता तेवढीच जागा नाकारली. हिजरी १५० मध्ये, इसवी सन ७६७ साली, ते बगदादला वारले. बहुतेक चरित्रकारांच्या मते कैदेतच.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शाळेतल्या तरुण शिक्षकाला मी हे सगळं सांगत होतो. त्याच्या हजेरीपटावर आठ-नऊ नावं अशी होती, ज्यांची मुलं त्याने कधी पाहिलीच नव्हती. पट घसरला तर एक शिक्षक अतिरिक्त ठरतो, आणि उर्दू माध्यमाच्या लहान शाळेत पुढचा प्रश्न थेट वर्ग टिकण्याचा असतो. वरून सांगणं होतं, सही कर, कौमचं काम आहे. २०११ साली राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा अशा किती हजेऱ्या उघड्या पडल्या, हे आम्हा शिक्षकांना सांगायला नको. त्याने माझं बोलणं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "सर, इमामसाहेबांचं दुकान होतं. माझं दुकान कुठंय?"

प्रश्न अगदी रास्त होता. नकाराची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. म्हणून मग मी त्याला अबू यूसुफ यांच्याबद्दल सांगितलं.

याकूब, म्हणजेच अबू यूसुफ, हे कूफ्यातल्या गरीब घरचे. शिकण्यापेक्षा चार पैसे कमवावेत म्हणून आई त्यांना कपडे धुणाऱ्याकडे कामाला लावू पाहत होती. इमामसाहेबांनी स्वतःच्या खिशातून खर्च देऊन त्यांना शिकवलं. गुरूने जे पद जीव गेला तरी घेतलं नाही, तेच या लाडक्या शिष्याने घेतलं. पुढे हारून रशीदच्या काळात ते इस्लामी इतिहासातले पहिले काझी-उल-कुझात झाले. दरबारी पक्वान्नांसाठी ते विकले गेले असं म्हणणारे तेव्हाही होते, आणि खलिफाच्या सोयीचे फतवे दिल्याचे किस्सेही त्यांच्या नावावर आहेत. सगळेच किस्से खोटे, असं मी म्हणणार नाही.

पण त्याच खुर्चीतून त्यांनी हारूनसाठी 'किताबुल खराज' लिहिलं. महसुलाचे मक्ते देऊ नका, मक्तेदार आपला फायदा काढायला रयतेला पिळतो, असं त्यात खलिफालाच सांगितलं आहे. वसुलीसाठी माणसांना मारू नका, उन्हात उभं करू नका. अंमलदारांच्या मागे प्रामाणिक माणसं पाठवून लोकांना विचारा. आणि कैद्यांना भाकरी देऊ नका, दर महिन्याला रोख दिरहम त्यांच्या हातात द्या, कारण भाकरी पहारेकरी खातात! तुरुंग कसा चालतो हे ज्याने जवळून पाहिलं, त्यालाच हे सुचतं. गुरू त्याच राजवटीच्या कैदेत गेला होता, हेही विसरू नये.

त्या शिक्षकाने राजीनामा दिला नाही. वर्गातल्या मुलांचीच हजेरी लिहिली आणि खरा पट किती आहे ते मुख्याध्यापकांना लेखी देऊन पोच घेतली. पुढच्या वर्षी तो अतिरिक्त ठरला; समायोजन दुसऱ्या तालुक्यात झालं, घरापासून दीड तासावर. सहकाऱ्यांपैकी दोघं आजही त्याच्याशी बोलत नाहीत. त्यांचंही घर त्याच पगारावर चालतं, त्यामुळे मला त्यांचा रागही येत नाही.

अबू यूसुफ हिजरी १८२ मध्ये वारले. शेवटच्या आजारपणात ते म्हणाल्याचं सांगतात की, निवाडा करताना मी जाणूनबुजून कोणाकडे झुकलो नाही, एक प्रसंग सोडून. एका ख्रिस्ती माणसाने हारून रशीदवर दावा लावला होता. निकाल त्यांनी खलिफाच्या विरोधात दिला. पण सुनावणीच्या वेळी दोघांना बरोबरीने बसवायचं राहून गेलं होतं. खलिफा वर बसला होता, तो माणूस खाली.