गाडीचे कान

गेल्या महिन्यात पुतण्याची गाडी तीन दिवस घाट रोडच्या बाजूला एका दुकानात उघडून पडली होती. त्यातला दीड दिवस मी तिथे प्लास्टिकच्या स्टुलावर बसून काढला. घरी विचारणा झाली, "तुमचं काय काम होतं तिथे?" काम काहीच नव्हतं. पण दुकानदार माझा जुना विद्यार्थी, आणि निवृत्त मास्तरला चहा आणि बोलायला माणूस मिळाला की तो लवकर उठत नाही. शिवाय जन्मभर इतिहास शिकवल्यामुळे एखादी वस्तू उघडलेली दिसली की ही अशी का झाली, असं विचारायची खोड जडली आहे.

गाडी २०१२ सालची, जर्मन, डिझेलवर चालणारी. घाबरू नका, आम्ही श्रीमंत झालेलो नाही. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हापासून तिकडच्या धडधाकट, महागड्या गाड्या ना हरकत प्रमाणपत्र घेऊन दुसऱ्या राज्यांत पडेल भावाने जाऊ लागल्या. त्यातलीच ही एक. इंजिन अजून घड्याळासारखं चालतं, सीटचं कातडंही फाटलेलं नाही. फक्त डॅशबोर्डावरचा पडदा मठ्ठ. फोन जोडला तर बोलता येतं, पण फोनवरचा नकाशा त्या पडद्यावर काही येत नाही. गाडीचा स्वतःचा नकाशा आहे, पण त्यात समृद्धी महामार्गच नाही! पुतण्या गाडी विकायच्या गोष्टी करू लागला. "काका, गाडी चांगली आहे, पण सिस्टीम म्हातारी झाली." अधिकृत वर्कशॉपमध्ये विचारलं तर या मॉडेलसाठी अशी सोय नाही, नवीन गाडी बघा, असा सल्ला मिळाला.

मला हे काही पटेना. कानाला कमी ऐकू येतं म्हणून माणूस कोणी मोडीत काढत नाही. (मी स्वतः गेल्या वर्षापासून श्रवणयंत्र लावतो. ते फोनला जोडलं जातं. त्यामुळे या विषयात मी अगदीच तटस्थ नाही.)

आता थोडा इतिहास. आज आपल्याला वाटतं की रेडिओ, पडदा, नकाशा ही गाडीची अंगभूत अवयवं आहेत आणि बाहेरून काही बसवणं म्हणजे जुगाड. प्रत्यक्षात उलटं आहे. मोटारीतला रेडिओ मुळात बाहेरच्यांनीच घुसवला. अमेरिकेत १९३० मध्ये पॉल गॅल्विनने आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवला आणि रेडिओ कारखानदारांच्या अधिवेशनासाठी ती चालवत अटलांटिक सिटीला नेली. त्या रेडिओला त्याने 'मोटोरोला' नाव दिलं. पुढे कंपनीचंही तेच नाव झालं, आणि याच कंपनीने पुढे मोबाइल फोनही काढले. जर्मनीत १९३२ मध्ये ब्लाऊपुंक्टने युरोपातला पहिला गाडीतला रेडिओ आणला. वजन साधारण पंधरा किलो, किंमत ४६५ मार्क, म्हणजे लहान मोटारीच्या किमतीच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. तोसुद्धा बसवला होता एका स्टुडबेकरमध्येच. गाडीच्या ठिणग्यांची खरखर रेडिओत येऊ नये म्हणून बराच खटाटोप करावा लागे, लाकूड-पत्रा कापावा लागे. मोटार कंपन्यांनी हे काम पुढे स्वतःकडे घेतलं.

आमच्याकडे हे सगळं उशिरा आलं. नागपूर आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं, विविध भारती १९५७ मध्ये. रेडिओसाठी पोस्टातून लायसन्स काढावं लागे, दरवर्षी पैसे भरून त्या पुस्तिकेवर नोंद करून घ्यावी लागे. आता ते पोरांना सांगितलं तर हसतात. माझ्या लहानपणी धंतोलीतल्या एका वकीलसाहेबांच्या ॲम्बेसेडरमध्ये रेडिओ होता. गाडी उभी असताना आम्ही पोरं काचेला नाक लावून त्याचा पिवळा दिवा बघायचो. आवाज ऐकायचा योग एकदाच आला, तोही बातम्यांचा.

या काळात एक फार शहाणपणाची गोष्ट झाली, तिचं मोल मला या स्टुलावर बसल्यावर कळलं. ती म्हणजे रेडिओचा खण. अठरा सेंटीमीटर रुंद, पाच सेंटीमीटर उंच. हे माप आधी जर्मन मानक होतं, नंतर आंतरराष्ट्रीय झालं. गाडी कोणाचीही असो, रेडिओ कोणाचाही असो, खण तोच. फियाटमधला रेडिओ काढा, कॅसेटवाला बसवा. कॅसेट जुनी झाली, सीडीवाला बसवा. म्हणजे गाडीचं वय वेगळं आणि तिच्या कानांचं वय वेगळं, आणि दोघांचं एकमेकांवाचून अडत नव्हतं. चोरांचंही अडत नव्हतं म्हणा! म्हणून तर पुढचा पट्टा काढून खिशात घालायचे स्टिरिओ निघाले.

१९९५ साल इथे मजेशीर आहे. त्या वर्षी पुण्याजवळ पिंपरीला टाटांच्या आवारात मर्सिडीजची ई-क्लास जुळवली जाऊ लागली, आणि त्याच वर्षी ३१ जुलैला देशातला पहिला मोबाइल कॉल कलकत्त्याहून दिल्लीला झाला. त्या गाडीत रेडिओ अजून खणातच होता. फोन आणि गाडी एकाच वर्षी आले, पण ओळख नव्हती. येणाऱ्या फोनलाही पैसे पडायचे (ते थेट २००३ मध्ये थांबले), तर गाणी कोण ऐकणार फोनवर!

मग महागड्या गाड्यांनी खण बुजवला. २००१ च्या बीएमडब्ल्यू सेव्हन सीरिजमध्ये एक गोल खटका आणि एक पडदा आला, आणि रेडिओ, फोन, नकाशा, एसीची बरीचशी कळ त्या एकाच पडद्यामागे गेली. बाकीच्यांनीही तीच वाट धरली. दिसायला सुंदर. पण आता रेडिओ काढायचा म्हणजे गाडीचा अर्धा मेंदू काढायचा. आणि अडचण अशी की गाडी पंधरा-वीस वर्षं चालते, फोन चार वर्षांत म्हातारा होतो. अमेरिकेत २००८ मध्ये जुनं ॲनालॉग मोबाइल जाळं बंद झालं तेव्हा जनरल मोटर्सची 'ऑनस्टार' सेवा असलेल्या कितीतरी चांगल्या गाड्यांमधली मदतीची कळ कायमची मुकी झाली. गाडीत बिघाड काहीच नव्हता. २०१४ मध्ये ॲपलने कारप्ले आणलं, पाठोपाठ गूगलचं अँड्रॉइड ऑटो आलं. गाडीने फक्त पडदा द्यायचा, डोकं फोनचं. फोन बदलला की डोकंही नवं. विचार खणाचाच, पण २०१२ ची गाडी त्याला दोन वर्षं आधी जन्मलेली.

विद्यार्थ्याने जो डबा बसवला तो वहीएवढाही नाही. मी विचारलं, "मूळ रेडिओ फेकणार का?"

"काहून फेकू, सर? त्याला हातच लावत नाही मी. तो काढला तं एसीचं, गाडीच्या सेटिंगचं सारं बोंबलते. आपण मधात बसतो."

मधात म्हणजे असं. गाडीच्या मूळ यंत्रातून पडद्याकडे चित्राची एक वायर जाते. डबा त्या वायरीच्या मध्ये बसतो. एरवी मूळ चित्र जसंच्या तसं पुढे जाऊ देतो. स्टिअरिंगवरची एक कळ दाबून धरली की ते अडवतो आणि फोनचं चित्र पुढे सोडतो. गोल खटका फिरवला की गाडीच्या तारांमधून जाणारा तो निरोपही डबा वाचतो आणि फोनला कळवतो. आवाज मात्र या वाटेने जात नाही, तो मूळ यंत्राला ऑक्सच्या भोकातून द्यावा लागतो. पडद्याला पत्ताच नाही की आपण कोणाचं चित्र दाखवतो आहोत. फोन आणि डबा आधी ब्लूटूथवर ओळख करून घेतात, मग वायफायवर बोलतात, त्यामुळे फोन खिशातच राहतो. एक गोष्ट त्याने दोनदा बजावली: गाडी झोपली की डबाही झोपला पाहिजे. स्वस्तातले डबे रात्रभर जागे राहतात आणि सकाळी बॅटरी बसलेली असते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळं जोडलं, गाडी चालू केली. चित्र लागलं. आवाज मात्र नाही. फोनचा नाही, रेडिओचा नाही, साधी पार्किंगची टिकटिकही नाही. पुतण्याचा चेहरा पडला. खरं सांगतो, माझाही. विका म्हणणाऱ्याला मीच अडवलं होतं.

या गाड्यांत आवाजाची उपकरणं तांब्याच्या तारेने नाही, प्लास्टिकच्या प्रकाशतंतूने जोडलेली असतात, आणि तीही गोल कड्यात: एकाकडून दुसऱ्याकडे, शेवटच्याकडून परत पहिल्याकडे. कड्यात एक जागा तुटली की सगळे मुके. तास-दीड तास शोधाशोध झाली. एकेक उपकरण वगळून ती जागी छोटं जोड लावून बघणं चाललं. शेवटी मूळ यंत्रामागेच सापडलं. ते परत आत सरकवताना नारिंगी तंतू मागच्या पट्टीत अडकून काटकोनात मुडपला होता. अडीच सेंटीमीटरपेक्षा घट्ट वळण त्याला चालत नाही, प्रकाश आतल्या आत न परावर्तता बाहेर गळतो. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर डब्याला भोक पाडून पाण्याच्या धारेतून उजेड वाकवून दाखवायचे, मी शेजारच्या वर्गातून येऊन बघायचो. त्या धारेचा काय उपयोग, हे तेव्हा विचारायचं राहून गेलं होतं. विद्यार्थ्याने तंतू मोकळा केला, हाताने सैल वेटोळं दिलं आणि टेप लावली. गाडी पुन्हा चालू केली तर रेडिओवर कुठल्याशा एफएमची जाहिरात मोठ्याने सुरू होती. इतक्या आनंदाने जाहिरात मी आयुष्यात ऐकली नव्हती.

रविवारी वर्ध्याला जायचं ठरवलं. नागपूरहून शिर्डीपर्यंतचा समृद्धीचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, आणि ५ जून २०२५ ला पूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता. शिवमडक्याला वर चढलो. पडद्यावर फोनचा नकाशा स्वच्छ दिसत होता. थोड्या वेळाने मी पुतण्याला म्हटलं, "जरा ती कळ दाब बरं, जुना नकाशा बघू." त्याने दाबली. मूळ पडदा आला. कोऱ्या जागेत आमचा बाण एकटाच पुढे सरकत होता, आणि त्या नकाशातली बाई पुन्हा पुन्हा जवळच्या रस्त्यावर जायला सांगत होती. पुतण्या परत नवीन नकाशा लावायला निघाला. मी म्हटलं, राहू दे थोडा वेळ. वर्ध्यासाठी येळाकेळीला खाली उतरेपर्यंत ती बाई आम्हाला शेतातून बाहेर काढायच्या मागे होती.