साध्या शब्दांनी हरवलेल्या पद्धती

1958 च्या सुमारास इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्डच्या कॉलेज ऑफ एरोनॉटिक्समध्ये तीन माणसं घड्याळ लावून सूची करत बसली होती. एकाला विमानशास्त्र येत होतं, दुसऱ्याचा हात सूचीकरणात मुरलेला होता आणि तिसरा ग्रंथपालनाचा अभ्यासक्रम नुकताच संपवून आला होता. समोर विमानविद्येवरचे 18,000 लेख आणि अहवाल. कुठल्या नोंदीला दोन मिनिटं द्यायची आणि कुठल्या नोंदीला सोळा, हेसुद्धा आधीच ठरलेलं. प्रत्येक लेखाची नोंद चार निरनिराळ्या पद्धतींनी व्हायची. तिथले ग्रंथपाल सिरिल क्लेव्हरडन यांना एवढंच पाहायचं होतं, की ठेवलेला लेख कोणत्या पद्धतीने परत हाती लागतो.

आज हे फार साधं वाटतं. पण तोवर वर्गीकरणाचे वाद तर्काच्या नाहीतर अधिकाराच्या जोरावर चालत. अमुक पद्धत शास्त्रशुद्ध, तमुक ढिसाळ, असं म्हणणारे पुष्कळ होते. मोजून पाहणारे फारच थोडे.

या चारांपैकी एका पद्धतीशी माझं नातं आहे. सॉफ्टवेअरमध्ये येण्याआधी मी ग्रंथालयशास्त्र शिकले. तिथे रंगनाथन यांचं 1933 चं कोलन वर्गीकरण आमच्याकडून घोटून घेतलं जायचं. कोणताही विषय घ्या आणि व्यक्तित्व, पदार्थ, ऊर्जा, अवकाश आणि काळ या पाच अंगांनी तो सोडवा. एखादं अवघड पुस्तक त्या अंगांमध्ये चपखल बसलं, की गणित सुटल्याचा आनंद व्हायचा. क्रॅनफिल्डमध्ये तपासलेली पैलूंची पद्धत याच विचारातून आलेली होती. चार पद्धतींमध्ये फरक थोडाच निघाला, पण ती मागे पडली आणि सुट्या शब्दांची, जवळजवळ अडाणी म्हणावी अशी युनिटर्म पद्धत पुढे राहिली. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता.

टीकाकारही गप्प बसले नाहीत. ज्या लेखांवरून प्रश्न बेतले तेच लेख शोधायला लावले, ही कसली परीक्षा, असं त्यांनी विचारलं आणि त्यात तथ्य होतं. म्हणून क्लेव्हरडन यांनी दुसरा प्रयोग मांडला. त्यात लेख कमी, फक्त 1,400, पण प्रश्न खरे. संशोधकांनाच विचारलं, की तुमचं संशोधन ज्या प्रश्नातून निघालं तो प्रश्न लिहून द्या. मग कोणता लेख कोणत्या प्रश्नाला उपयोगी पडतो हे माणसांकडून ठरवून घेतलं आणि सूचीच्या तेहेतीस भाषा एकमेकींशी भिडवल्या. 1966-67 मध्ये अहवाल आले. पहिल्या क्रमांकांवर लेखातले सुटे शब्द होते, जसेच्या तसे किंवा फार तर त्यांची निरनिराळी रूपं एकत्र केलेले. तज्ज्ञांनी खपून बांधलेल्या नियंत्रित शब्दावल्या खाली राहिल्या. खुद्द क्लेव्हरडन चकित झाले.

सुटे शब्द चालतात हे कळलं, तरी सगळे शब्द सारख्या मोलाचे नसतात. विमानांच्या लेखांमध्ये 'पंख' हा शब्द पानोपानी येणार. त्यावरून काय शोधणार? केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी 1972 मध्ये याचा हिशेब मांडला. जो शब्द थोड्याच लेखांमध्ये येतो त्याला वजन जास्त, जो सगळीकडे वावरतो त्याला कमी. त्यांनी हे ज्या संग्रहांवर तपासलं त्यांत क्रॅनफिल्डचाही संग्रह होता. या बाईंची बरीच वर्षं मुदतीच्या नोकऱ्यांवर गेली आणि प्राध्यापकपद मिळायला 1999 साल उजाडलं. त्यांचा हिशेब मात्र तोवर जगभरच्या शोधयंत्रांमध्ये शिरलेला होता. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जेरार्ड सॉल्टन यांनी प्रत्येक मजकुराला अनेक मितींच्या अवकाशातला एक बिंदू मानलं आणि जवळ-दूर मोजायला सुरुवात केली. लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीत स्टीफन रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वजनांचं सूत्र आणखी घासूनपुसून 1994 च्या सुमारास बीएम25 तयार केलं.

माझं आजचं काम याच धंद्यातलं आहे, फक्त वाचक बदललाय. एआय एजंटचं एका वेळचं वाचन कॉन्टेक्स्ट विंडोत मावेल तेवढंच असतं आणि संभाषण संपलं की पाटी कोरी होते. म्हणून जुन्या संभाषणांच्या नोंदी बाहेर साठवायच्या आणि एजंटच्या हाती एक टूल द्यायचं. त्याला गरज वाटली की तो टूलला प्रश्न धाडतो आणि टूल चार-पाच नोंदी पुढे करतं. 2023 मध्ये स्टॅनफर्ड आणि गूगलच्या संशोधकांनी पंचवीस एजंटांचं एक छोटं गाव संगणकात वसवलं होतं. तिथे प्रत्येक आठवणीला तीन गुण मिळायचे. ती किती ताजी, किती महत्त्वाची आणि समोरच्या प्रसंगाशी किती जुळणारी. महत्त्वाचे गुण भाषेचं मॉडेलच द्यायचं, एक ते दहा. मला ही कल्पना आवडते. सूचीकाराचा निवाडा इथे मागच्या दाराने परत आलाय.

पण सध्या बाजारात गाजावाजा आहे तो एम्बेडिंगचा. मजकुराचे आकडे करायचे आणि अर्थाने जवळचं ते शोधायचं. सॉल्टन यांचीच कल्पना, फक्त बिंदूची जागा आता न्यूरल नेटवर्क ठरवतं. 'गाडी बंद पडली' असं विचारलं तर 'इंजिन सुरू होत नाही' ही नोंद मिळते, आणि हे साध्या शब्दांना कधीच जमलं नसतं. मात्र त्याच टूलला पॉलिसीचा क्रमांक विचारा. ते त्या क्रमांकासारख्या दिसणाऱ्या भलत्याच पॉलिसी विश्वासाने आणून ठेवतं, कारण त्याच्या दृष्टीने त्या सगळ्या शेजारीच राहतात. 2021 मध्ये बीअर या नावाने अठरा निरनिराळ्या संग्रहांवर तपासणी झाली. अनोळखी विषयांमध्ये कित्येक एम्बेडिंगवाली मॉडेल जुन्या बीएम25 च्या मागे राहिली. म्हणून आम्ही दोन्ही शोध एकत्र चालवतो.

मराठीत मात्र साध्या शब्दांचा हा विजय फुकट मिळत नाही. पाऊस, पावसात, पावसाने, पावसामुळे, पावसाळ्यात: अक्षरं जुळवणाऱ्या यंत्राला हे पाच परके शब्द आहेत. इंग्रजीत शेपटी छाटून भागतं, आपल्याकडे प्रत्यय लागण्याआधी मूळ शब्दच वाकतो. फायर या भारतीय उपक्रमाने 2008 पासून आपल्या भाषांसाठी क्रॅनफिल्डच्या धर्तीवर संग्रह आणि प्रश्नसंच केले, त्यात मराठी बातम्याही होत्या. त्यांवर काम करणाऱ्यांना शब्दांची रूपं एकत्र आणल्यावर निकाल सुधारलेले दिसले. आमच्या ग्राहकांची भाषा मात्र बातम्यांची नसते. 'हप्ता भरलाय ना मी, परत कशाला मेसेज' अशी वाक्यं येतात, अर्धी रोमन अक्षरांत. प्रश्नसंच आम्हालाच करावा लागला. खऱ्या तक्रारी घ्यायच्या, नावं काढून टाकायची आणि कोणती नोंद सापडायला हवी हे दोघींनी स्वतंत्रपणे ठरवायचं. कंटाळवाणं काम आहे. दोघींचं जमलं नाही तर तिसऱ्याला विचारावं लागतं, आणि त्या भांडणांतूनच आमच्या नोंदी किती मोघम लिहिल्या जातात ते कळतं.

एजंटांची स्मृती विकणाऱ्या कंपन्यांची माणसं अधूनमधून आमच्याकडे येतात. पडद्यावर एजंटला ग्राहकाचा वाढदिवस आठवतो, मंडळी खूश होतात. मी विचारते, तुमचे प्रश्न कुणी लिहिले आणि बरोबर उत्तर कोणतं हे कुणी ठरवलं? त्यावर बहुतेकदा पुढची स्लाइड येते.