फुटसाल व दोन्ही पायांचे चेंडूनियंत्रण

फुटसाल हा लहान, कठीण पृष्ठभागाच्या मैदानावर प्रत्येकी पाच खेळाडूंच्या दोन संघांत खेळला जाणारा फुटबॉलचा प्रकार होय. उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ येथील वाय.एम.सी.ए. या संस्थेत हुआन कार्लोस सेरियानी यांनी १९३० मध्ये तो प्रचारात आणला. फिफाची पहिली जागतिक स्पर्धा १९८९ मध्ये नेदर्लंड्समध्ये झाली व ती ब्राझीलने जिंकली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०२१ मध्ये राष्ट्रीय क्लब स्पर्धा सुरू केली.

कोल्हापूरच्या दक्षिणेस पुणे-बंगळूर महामार्गावर वसलेले कागल हे घाटगे घराण्याच्या जहागिरीचे ठिकाण. राजर्षी शाहू महाराज (१८७४–१९२२) यांचे हे जनक घराणे. महाराजांनी मल्लविद्येस आश्रय दिला. १९१२ मध्ये कोल्हापूरचे खासबाग मैदान पूर्ण झाले. तालमींच्या याच परंपरेतून पुढे शहरात फुटबॉल रुजला. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल या तालीम मंडळांचे संघ राजर्षी शाहू स्टेडियमवर झुंजतात. या जिल्ह्यातील अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील जागतिक स्पर्धेत भारतीय संघात होता.

जोर व बैठका यांत शरीराच्या दोन्ही अंगांना सारखाच व्यायाम घडतो. चेंडू खेळताना मात्र मूल स्वभावतः एकच पाय पुढे करते आणि ती सवय वयाबरोबर दृढ होते. १९९८ च्या जागतिक स्पर्धेतील खेळाडूंचे निरीक्षण करणाऱ्या व २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सु. ७९ टक्के खेळाडू उजव्या पायाचे आढळले. दुसरा पाय ते क्वचितच वापरीत. परंतु जेव्हा वापरीत, तेव्हा त्यांचे यश पहिल्या पायाइतकेच असे. नॉर्वेमध्ये २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तरुण खेळाडूंना आठ आठवडे दुबळ्या पायाने सराव दिला, तेव्हा त्या पायाचे कौशल्य तर वाढलेच, शिवाय सबळ पायाचेही वाढले. दुसऱ्या पायाच्या सरावाने पहिल्याचे नुकसान होते, ही समजूत त्यामुळे निराधार ठरते.

अशा सरावास फुटसाल विशेष अनुकूल आहे. ४० × २० मी. मैदानावर दहा खेळाडू असल्याने दरडोई ८० चौ. मी. जागा येते; १०५ × ६८ मी. फुटबॉल मैदानावर ती सु. ३२५ चौ. मी. भरते. साहजिकच प्रतिस्पर्धी लगेच अंगावर येतो आणि चेंडू सोईच्या पायावर घेण्यास उसंत मिळत नाही. चेंडूचा परीघ ६२–६४ सेंमी. असून तो फारसा उसळत नाही, २ मी. उंचीवरून सोडल्यास त्याची पहिली उसळी ५०–६५ सेंमी. असते. त्यामुळे मुलास तो तळपायाखाली दाबून धरता येतो.

सरावाचा क्रम सोपा असतो. प्रथम चेंडू दोन्ही तळपायांनी आलटून पालटून पुढेमागे घोळवावा. नंतर भिंतीवर मारून परत आलेला चेंडू एका पायाने थांबवून दुसऱ्याने परत धाडावा. अखेरीस प्रतिस्पर्ध्यासमोर, चेंडू नेहमी त्याच्यापासून दूरच्या पायावर ठेवावा. दुबळ्या पायाची चूक झाल्यास मुलास रागावू नये, कारण भीतीपोटी ते पुन्हा सबळ पायाकडेच वळते.

पूर्ण मापाचे फुटबॉल मैदान प्रत्येक शाळेस लाभत नाही. या सरावास मात्र सपाट पटांगण व एक भिंत पुरते. कागलसारख्या तालुक्याच्या गावी या खेळाचे महत्त्व त्यातच आहे.