घरटॅक्सच्या बिलावरचा इतिहास

मागे दिवाळीत तुमसरला घरी होतो, तेव्हा बाबांनी टीव्हीखालच्या कप्प्यातून एक फाईल काढून माझ्यापुढे ठेवली. आत घरटॅक्सची जुनी बिलं आणि नव्या कर आकारणीची नोटीस. "तू कॉम्प्युटरवाला, तूच हरकत लिहून दे," म्हणाले. मी कोड लिहितो, अर्ज लिहीत नाही, हे त्यांना पटवणं शक्य नव्हतं.

तेवढ्यात शेजारचे काका चहाला आले आणि अर्ज बाजूला राहून वाद सुरू झाला. काकांचं म्हणणं असं की पाणी वरच्या लेआउटचं, नाली आपल्या गल्लीतून, मग नालीचे पैसे सगळ्यांनी सारखे का द्यायचे? आईचा मुद्दा वेगळाच होता. बिलावर शिक्षण कर असतो आणि आपल्या घरात आता शाळेत जाणारं कोणीच नाही. बाबा म्हणाले, कर सगळ्यांनी द्यायचा असतो, पण घराचं मोजमाप तरी बरोबर असावं. तिघांचंही थोडंथोडं खरं होतं. मी मात्र बिलाकडेच बघत बसलो. आमच्या कामात एखादी ओळ का लिहिली गेली हे कळेना, की ती कोणी आणि कधी लिहिली ते शोधतात. मग या बिलाचंही तसंच करून पाहिलं.

चौकीदारापासून सुरुवात

तुमसरची नगरपालिका 1867 ची, मध्य प्रांताच्या काळातली. मध्य प्रांत स्थापन होऊनच तेव्हा सहा वर्षं झाली होती. 1857 नंतर इंग्रज सरकारची तिजोरी अडचणीत होती आणि शहरांचा खर्च शहरांनीच उचलावा, हे धोरण ठरत चाललं होतं. त्यामुळे त्या पिढीतल्या कित्येक नगरपालिकांचा जन्म लोकांच्या मागणीतून झाला नाही. शहरातले चौकीदार आणि पोलीस यांचा पगार कोणी द्यायचा, या प्रश्नातून झाला. कमिटीवर सरकारी अधिकारी आणि नेमलेले प्रतिष्ठित लोक असत.

हे बदललं 1882 मध्ये. 18 मे 1882 रोजी लॉर्ड रिपनच्या सरकारने स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला. निवडून आलेले सभासद वाढवावेत, सरकारी अधिकाऱ्याने शक्यतो अध्यक्ष होऊ नये, अशी त्याची दिशा होती. त्यातला एक व्यवहार फारसा सांगितला जात नाही: नगरपालिकांच्या डोक्यावरचा पोलिसांचा खर्च सरकारने काढून घ्यायचा आणि वाचलेला पैसा त्यांनी शिक्षण, दवाखाने, सार्वजनिक कामं यांकडे वळवायचा. आज आपण 'शाळा आणि नाली नगर परिषदेचं काम' असं सहज म्हणतो, त्यामागे हा सौदा आहे.

शाळेचे पैसे कोणी द्यायचे

आईच्या प्रश्नाचं वय बघायला गेलो, तर मी पुन्हा 1882 मध्येच पोचलो. त्या वर्षी शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग बसला होता आणि जोतीराव फुल्यांनी त्याच्यापुढे निवेदन दिलं. मुंबई इलाख्यात शेतकऱ्याकडून साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा 'लोकल फंड' घेतला जाई आणि त्याचा एक तृतीयांश भाग शिक्षणासाठी असे. फुल्यांचा आक्षेप साधा होता: पैसा कष्टकऱ्यांचा, आणि शिकतात वरच्या जातींची मुलं. लोकल फंडाचा निम्मा भाग प्राथमिक शिक्षणाला द्या आणि शहरांतल्या प्राथमिक शाळांचा भार नगरपालिकांनी घ्यावा, अशी त्यांची मागणी होती.

ते स्वतः 1876 पासून पुणे नगरपालिकेचे सभासद होते. 1880 मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्याला येणार म्हणून सजावटीसाठी हजार रुपयांचा प्रस्ताव आला, तेव्हा त्यांनी एकट्याने विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असं त्यांचं म्हणणं होतं. मोठी मंडई बांधण्यालाही त्यांनी याच कारणासाठी विरोध केला. नगरपालिकेच्या सभेत बजेटच्या ओळीवर भांडणं हे त्यांच्या सामाजिक कामाचाच भाग होतं. शाळेच्या पुस्तकात आपण फुले वाचतो, त्यात नगरपालिकेतले फुले क्वचितच भेटतात.

आपल्या नागपूर-भंडारा भागात मुंबई इलाख्याचे कायदे नव्हते, पण सूत्र तेच होतं. मालगुजारांकडून साऱ्याच्या जोडीने रस्ता, शाळा आणि टपाल यांचे छोटे उपकर घेतले जात. धानाच्या बांधीतून निघालेल्या पैशाचा एक बारीक धागा गावातल्या मास्तरांच्या पगारापर्यंत जात होता.

मग गोखले. 1911 मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. सक्ती करायची की नाही ते स्थानिक संस्थेने ठरवायचं, त्यासाठी तिला शिक्षण कर बसवता येईल आणि खर्चाचा एक तृतीयांश तिने, दोन तृतीयांश सरकारने सोसायचा. मार्च 1912 मध्ये हे विधेयक 13 विरुद्ध 38 मतांनी पडलं. विरोध करणाऱ्यांत सरकार होतं, तसे आपलेही जमीनदार आणि प्रतिष्ठित होते. लोकांना नवा कर झेपणार नाही, हेही एक कारण पुढे केलं गेलं. 1920 मध्ये मध्य प्रांतात प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि सक्ती लागू करण्याची वाट स्थानिक संस्थांना मोकळी झाली. पण वाट मोकळी असणं आणि गाठीला पैसा असणं या दोन वेगळ्या गोष्टी.

बिलावरची आजची ओळ मात्र यांपैकी कोणाचीच नाही. ती महाराष्ट्राच्या 1962 च्या शिक्षण कराच्या कायद्यातून येते. 1970 च्या दशकात, दुष्काळानंतर, त्यालाच रोजगार हमीचा उपकर जोडला गेला. तो बिगरनिवासी इमारतींवर असतो, म्हणून आमच्या बिलावर नाही आणि काकांच्या दुकानाच्या बिलावर आहे. हे दोन्ही कर नगर परिषद वसूल करते आणि राज्य सरकारकडे भरते. इथे नगर परिषद पेमेंट गेटवेसारखी आहे: पैसे तिच्या हातून जातात, तिचे होत नाहीत. आईला वाटत होतं की ती वॉर्डातल्या शाळेला पैसे देते. ती देते मुंबईला, आणि मुंबईहून शाळांसाठी काय यायचं ते राज्याच्या बजेटात ठरतं.

इथे मला माझंही सांगायला हवं. घराजवळ नगर परिषदेची शाळा होती आणि मी रिक्षात बसून इंग्रजी शाळेत जायचो. गल्लीतली बहुतेक मुलं तशीच जायची. शाळेचा कर आपण भरतो, पण तिच्याबद्दल बोलायचं कारण आपल्या घरात उरत नाही. फुल्यांच्या वेळी गरिबाच्या पैशावर वरच्यांची मुलं शिकत होती. आमच्या वेळी वरच्यांची मुलं निघून गेली आणि शाळेसाठी भांडायला गरिबाला एकटं सोडलं.

नाका उठला तेव्हा

बाबांच्या पिढीला जकात नाका आठवतो. माझ्या पिढीला फक्त 'नाका' हा शब्द. 1880 च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे रेल्वे गेली आणि तुमसर धानाची बाजारपेठ म्हणून वाढलं. मुख्य लाइनवरचं 'तुमसर रोड' स्टेशन शहराबाहेर देव्हाडीला. आसपासच्या डोंगरी, चिखल्यात मँगनीज. माल सतत ये-जा करणाऱ्या अशा गावाला जकात सोयीची असते, कारण घरोघरी वसुलीला जावं लागत नाही. कर मालाच्या किमतीत विरघळतो आणि भरणाऱ्याला दिसतच नाही. वाईट बाजू म्हणजे नाक्यावरच्या रांगा, वाद आणि व्यापाऱ्यांचा कायमचा राग.

1999 मध्ये महाराष्ट्रातल्या नगरपालिकांची जकात बंद झाली आणि तिच्या जागी सरकारी अनुदान आलं. व्यापाऱ्यांची सुटका झाली, ती रास्तच होती. पण शहराचा बाजार वाढला की शहराची तिजोरीही वाढते, हा थेट संबंध तुटला. हातात राहिला मुख्यतः घरटॅक्स, आणि तो डोळ्यांना दिसतो. दिसणारा कर वाढवायला कोणताच नगरसेवक तयार नसतो आणि न दिसणारा कर आता त्याच्या हातात नाही.

बांधीतलं पाणी कुठे गेलं

काकांच्या नालीची ओळ मात्र बिलावर सापडली नाही. स्वच्छतेचा कर आहे, पण पावसाच्या पाण्याचा असा वेगळा हिशेब नाही. या जिल्ह्यात तो कधीकाळी होता.

भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून सहा हजारांहून जास्त माजी मालगुजारी तलाव मोजले जातात. त्यांतले कित्येक कोहळी समाजाच्या जाणकारांनी गोंड राजवटीच्या काळात बांधले. पाळ कुठे घालायची, सांडवा कुठे सोडायचा, वरच्या बोडीचं पाणी खालच्या तलावात कसं उतरवायचं, हे ज्ञान त्यांच्याकडे होतं. इंग्रजी काळात गावाच्या रूढी आणि हक्क 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या दस्तऐवजात नोंदले गेले. पाणी कोणाला मिळणार आणि डागडुजी कोण करणार, हे त्या गावच्या रिवाजाचाच भाग होतं. ही व्यवस्था समतेची नव्हती. तलाव मालगुजाराचा आणि श्रम कुळांचे. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले. अन्याय गेला, पण पाळीवर माती टाकायला येणारी माणसंही हळूहळू येईनाशी झाली.

तलावाशिवाय आणखी एक साठा होता, तो कोणाच्या नकाशावर नसे: धानाची बांधी. चारी बाजूंनी फूटभर उंच धुरा. एक एकर बांधीवर 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे 4 लाख लिटर पाणी होतं. म्हणजे 5 हजार लिटरचे 80 टँकर. फूटभर धुऱ्यात ते सगळं मावतं, रोवणीला कामी येतं आणि उरलेलं सावकाश खाली उतरतं. त्याच एकराचा एनए लेआउट झाला, मुरूम पडला, सिमेंट रस्ता झाला, की त्यातलं बहुतेक पाणी काही तासांत उताराकडे निघतं. पुढे काकांची गल्ली.

आणि वरचा लेआउट म्हणजे कोण? आमचंही घर एका जुन्या बांधीवरच आहे. बाबांनी पाया रस्त्यापेक्षा अडीच फूट उंच घेतला, अंगणात टाइल्स बसवल्या. आमच्या घरात पाणी येत नाही याचा आम्हाला अभिमान आहे. ते कुठे जातं, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं.

जगात याचा हिशेब मांडणारी गावं आहेत. अमेरिकेतल्या बेलव्ह्यू शहराने 1974 मध्ये पावसाच्या पाण्यासाठी स्वतंत्र शुल्क सुरू केलं. जर्मनीत बऱ्याच ठिकाणी सांडपाण्याचं आणि पावसाच्या पाण्याचं बिल वेगळं असतं. किती जागेवर सिमेंट किंवा छत आहे, त्यावर ते ठरतं, आणि पाणी आपल्याच आवारात जिरवलं तर कमी होतं. आपला कर घराच्या भाडेमूल्यावर बेतलेला आहे. त्यात अंगण मातीचं ठेवणाऱ्याला काही मिळत नाही आणि टाइल्स बसवणाऱ्याचं काही जात नाही.

बोलायचं कुठे

चहा संपेपर्यंत तिघांचे तीन मुद्दे टेबलावर होते, आणि मला प्रश्न पडला की हे बोलायची जागा कोणती. देव्हाडीच्या माणसाला ग्रामसभा आहे. तिथे उठून सरपंचाला हिशेब विचारता येतो. 74व्या घटनादुरुस्तीने शहरांना प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या, पण 3 लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या शहरांना. 2011 च्या जनगणनेत तुमसर 45 हजारांच्या आसपास होतं. 2022 नंतर काही वर्षं तर राज्यातल्या बहुतेक नगर परिषदा प्रशासकांच्या हाती होत्या. निवडणुका थेट डिसेंबर 2025 मध्ये झाल्या.

उरते ती दर चार वर्षांनी उघडणारी खिडकी: आकारणीची यादी लागते, हरकती मागवतात, सुनावणी होते. तिथे 'माझं घर चुकीचं मोजलं' असं म्हणता येतं. 'आपल्या गल्लीचं पाणी कुठे जावं' हे त्या फॉर्ममध्ये बसत नाही. कायद्याने करदाता म्हणून आपल्याला एकेकटं उभं केलं आहे, आणि पाणी तर गल्लीभर एकत्र वाहतं.

शेवटी मी दोन कागद लिहिले. पहिला बाबांचा, मोजमापाबद्दल. टेप घेऊन दोघांनी खोल्या पुन्हा मोजल्या. एक खोली जास्त धरली होती आणि मागचं शेड धरलंच नव्हतं. बाबा जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "दोन्ही लिही." दुसरा कागद गल्लीचा: पावसाळ्यात पाणी कुठून येतं, कुठे साचतं, आधी कुठे बांधी आणि बोडी होती, याचा हाताने काढलेला नकाशा. काकांनी नकाशा काढला, कारण बोडी कुठे होती हे फक्त त्यांनाच आठवत होतं. खाली गल्लीतल्या अकरा घरांच्या सह्या घेतल्या. नकाशात वरच्या बाजूचं पहिलं घर आमचं आहे.