समाधीवरचा दगड

‘सेंट लुइस ब्लूज’ हे १९१४ चे गीत डब्ल्यू. सी. हँडी यांचे, १९२५ मध्ये बेसी स्मिथने ते गाऊन आपलेसे केले. १९३७ साली ती निवर्तली. तिच्या थडग्यावर नावाचा दगड बसला तो १९७० साली, जॅनिस जॉप्लिन या गायिकेने पैसे घातल्यावर.

आपल्याकडे हे आधीच घडले होते. तंजावरजवळ, तिरुवैयारूस, त्यागराज १८४७ साली समाधिस्थ झाले. त्या उपेक्षित समाधीवर बंगळुरात गायन शिकलेल्या देवदासी नागरत्नम्मा यांनी, १९२० नंतर, पदरची मिळकत वेचून मंदिर उभारले. आणि तेथल्याच आराधनेत स्त्रियांना गाण्यास मज्जाव! बाईंनी स्त्रियांची निराळी आराधना मांडली. १९५२ साली त्या वारल्या. त्यांची समाधी त्यागराजांच्या समोरच आहे.