त्या पाळीला मेंटेनन्स सुपरवायझर नव्हता

1982, मे. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याची पाहणी करायला अमेरिकेच्या मूळ कंपनीतून एक पथक आलं. पाच महिन्यांपूर्वी, डिसेंबरमध्ये, फॉस्जीन वायूच्या गळतीत एक कामगार दगावला होता. पथकाच्या अहवालात एक नोंद फिल्टर धुण्याबद्दल होती. हे काम पाइपांमध्ये ब्लाइंड न टाकताच केलं जातं आणि व्हॉल्व्ह गळका असेल तर माणसांना धोका आहे, असा तिचा मथितार्थ. माहीतगार माणसं टिकत नाहीत, अशीही एक नोंद होती.

ब्लाइंड म्हणजे दोन फ्लँजांच्या मध्ये घालायची लोखंडी चकती. व्हॉल्व्ह बंद असला तरी तो झिरपू शकतो. चकती घातली की रस्ता खरोखर बंद होतो. लासूर स्टेशन, गंगापूर भागातून वाळूजच्या एमआयडीसीत पाळीला येणाऱ्या जुन्या फिटरला हे समजावून सांगावं लागत नाही. नट ढिले करायचे, चकती सरकवायची, नट पुन्हा आवळायचे. थोडक्या वेळाचं काम. पण ते सांगणारा एक माणूस लागतो, करणारा एक, आणि झालं की नाही ते पाहून परमिटवर सही करणारा एक.

1983-84. तिथे बनणाऱ्या कीटकनाशकाला उठाव नव्हता, कारखाना तोट्यात होता. मिथिल आयसोसायनेट, म्हणजे मिक, बनवणाऱ्या विभागात एका पाळीला 12 माणसं असायची, ती 6 वर आली.

1984, जून. मिक थंड ठेवणारी 30 टनी शीतकरण यंत्रणा बंद केली. हा द्रव शून्य अंशाच्या आसपास ठेवायचा असतो, 39 अंशांना तो उकळतो. यंत्रणा बंद झाल्यावर टाकीचं तापमान बाहेरच्या हवेबरोबर वरखाली होऊ लागलं. तापमान वाढल्यावर वाजणारी घंटा मग निरुपयोगीच ठरली.

21 ऑक्टोबर. मिक साठवलेल्या टाकी क्रमांक 610 मधला नायट्रोजनचा दाब 1.25 किलोवरून 0.25 किलोवर घसरला. याचा अर्थ कुठला तरी व्हॉल्व्ह धरत नव्हता. दुसऱ्याच दिवशी मिकचं उत्पादन थांबलं. टाकीत सुमारे 42 टन माल पडून राहिला. वायू धुऊन काढणारा स्क्रबर चालू न ठेवता नुसता राखीव ठेवला होता. उरलेला वायू जाळणाऱ्या फ्लेअर टॉवरकडे जाणाऱ्या पाइपाचा गंजलेला तुकडा काढून ठेवला होता. नवा तुकडा बसायचा होता.

ही सगळी कामं मेंटेनन्सची. एकेक सुटी पाहिली तर कुठल्याही कारखान्याच्या वहीत सापडेल अशी. बिघाड काही एका दिवसात होत नाही. पण या चारही गोष्टी एकाच कागदावर मांडून "हे एकदम बंद कसं काय?" असं विचारणारा माणूस हवा होता, आणि तो हुद्दाच मोडीत निघत होता.

नोव्हेंबरअखेर. मिक विभागातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पाळीच्या मेंटेनन्स सुपरवायझरची जागा रद्द झाली. पाइप धुण्याआधी ब्लाइंड घालून घेण्याची जबाबदारी त्याच्याकडे असे. जागा गेली, काम राहिलं. ते कोणाकडे गेलं, हे पाळीवरच्या माणसांना स्पष्ट नव्हतं.

30 नोव्हेंबर आणि 1 डिसेंबर. 610 मध्ये पुन्हा दाब भरायचा प्रयत्न झाला. दोन्ही वेळा दाब टिकला नाही. कीटकनाशकाच्या उत्पादनासाठी लागणारा माल मग शेजारच्या 611 मधून घेतला. 610 तशीच राहिली.

2 डिसेंबर, रविवार, रात्री 9:30 च्या सुमाराला. फिल्टरजवळच्या तुंबलेल्या नळ्या पाण्याने धुवायला सुरुवात झाली. हुकूम उत्पादन विभागाकडून आला. नळी लावणाऱ्या कामगाराने पाहिलं, व्हॉल्व्ह बंद आहे पण ब्लाइंड नाही. पुढे न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहराला त्याने सांगितलं की व्हॉल्व्ह गळतात हे त्याला ठाऊक होतं, पण तो गळतो की नाही हे पाहणं त्याचं काम नव्हतं. ही टाळाटाळ समजू नये. कागदोपत्री ते खरंच त्याचं काम नव्हतं.

काही वेळाने. आत सोडलेलं पाणी जिथून बाहेर पडायला हवं, त्यांतल्या काही नळ्या तुंबलेल्या होत्या. पाणी पुरेसं बाहेर येईना. धुणं थांबवलं गेलं. वरून सांगणं आलं, चालू ठेवा. पाणी चालू राहिलं.

रात्री 10:20. टाकी 610 चा दाब 2 पीएसआय. नेहमीचा.

रात्री 10:45. पाळी बदलली. रात्रपाळीच्या ऑपरेटरने कंट्रोल रूमचा ताबा घेतला.

रात्री 11. दाब 10 पीएसआय. जेमतेम चाळीस मिनिटांत पाचपट. पण 2 ते 25 ही रोजचीच मर्यादा मानली जायची. 10 हा आकडा त्यात बसत होता. आधीचा आकडा शेजारी मांडून पाहिला तरच त्याची भीती वाटली असती.

रात्री 11:30. प्लँटमध्ये डोळे चुरचुरू लागले. वर कुठेतरी नळीतून पाणी आणि मिक ठिबकताना दिसलं. ही माणसं मिकची गळती डोळ्यांनीच ओळखत, त्यामुळे कोणी दचकलं नाही. उत्पादनाच्या सुपरवायझरला कळवलं. चहानंतर बघू, असं ठरलं.

रात्री 12:15. चहा.

रात्री 12:40. दाबाचा काटा वर सरकत गेला आणि पट्टी ओलांडून गेला. तापमापकाची पट्टी 25 अंशांपर्यंतच होती, तोही शेवटाला टेकला. ऑपरेटर धावत टाकीकडे गेला. टाकी जमिनीखाली, काँक्रीटच्या आवरणात होती. आतून गडगडाट ऐकू येत होता, काँक्रीट तडकत होतं. सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला.

पाणी टाकीत शिरलं कसं, यावर पुढे वाद झाला. आर्थर डी. लिटल या सल्लागार संस्थेचे अशोक कालेलकर यांनी 1988 मध्ये कंपनीच्या बाजूने मांडणी केली. त्यांच्या मते पाणी नळ्यांतून आलं नाही. असंतुष्ट कामगाराने पाळीबदलाच्या गोंधळात पाण्याची नळी थेट टाकीला जोडली. कामगारांनी हे साफ नाकारलं. ते खरं मानलं तरी शीतकरण, स्क्रबर आणि फ्लेअर यांचं काय, हा प्रश्न उरतोच. आधीच बंद असलेल्या त्या तिन्हींना कोणी हात लावायची गरजच नव्हती.

रात्री 12:50. भोंगा वाजला. बाहेरच्या वस्तीला ऐकू जाणारा भोंगा थोड्याच वेळात बंद केला. दोन वर्षांपूर्वी कारखान्याचा आणि वस्तीचा भोंगा वेगळा केला होता, लहानसहान गळतीने लोक घाबरू नयेत म्हणून.

रात्री 1 च्या सुमाराला. स्क्रबर चालू केला. त्यातून द्राव फिरत असल्याचं मीटरने दाखवलं नाही. फ्लेअरचा उपयोग नव्हता, पाइपाचा तुकडाच काढलेला. माल हलवायला शेजारची 619 टाकी रिकामी ठेवायचा नियम होता, पण तिच्यातही थोडं मिक होतं आणि व्हॉल्व्ह कोणी उघडला नाही. अग्निशमनाचे फवारे सोडले. वायू तीसहून अधिक मीटर उंचीवरून सुटत होता. फवारे तिथवर पोचले नाहीत.

वारा दक्षिणेकडे होता. कारखान्याच्या भिंतीला लागूनच जयप्रकाश नगरची झोपडपट्टी, तिच्या पुढे काजी कॅम्प, मग रेल्वे स्टेशन.

एक वाजून गेल्यावर. भोपाळ स्टेशनचे उपअधीक्षक गुलाम दस्तगीर यांच्यासमोर गोरखपूरची गाडी उभी होती. सुटायची वेळ झाली नव्हती. वरची परवानगी न घेता त्यांनी ती सोडून दिली आणि दोन्ही बाजूंच्या स्टेशनांना भोपाळकडे गाड्या सोडू नका असं कळवलं. वायूमुळे त्यांना झालेली इजा पुढे आयुष्यभर राहिली. कोणतं काम कोणाचं, याचा विचार करायला त्यांनी वेळ घेतला नाही.

पहाटे 2. वस्तीचा भोंगा पुन्हा, या वेळी सलग वाजू लागला. तोवर लोक पळत होते, काही वायूच्याच दिशेने. ओलं फडकं तोंडाला धरून जमिनीलगत राहा, एवढं सांगायलाही कोणी नव्हतं.

पहाटे 2:15 नंतर टाकीतला जोर ओसरला. 40 टनांच्या आसपास वायू निघून गेला होता.

सरकारने तातडीच्या मृत्यूंचा पहिला आकडा 2,259 दिला, नंतर मध्य प्रदेश सरकारने तो 3,787 केला. पुढची वर्षं त्यात आली नाहीत.

7 जून 2010. भोपाळच्या न्यायालयाने निकाल दिला, दोन वर्षांची कैद आणि दंड. दोषींच्या नावांपुढे हुद्दे होते. केशुब महिंद्रा, अध्यक्ष. विजय गोखले, व्यवस्थापकीय संचालक. किशोर कामदार, उपाध्यक्ष. जे. मुकुंद, वर्क्स मॅनेजर. एस. पी. चौधरी, उत्पादन व्यवस्थापक. के. व्ही. शेट्टी, प्लँट अधीक्षक. एस. आय. कुरेशी, उत्पादन सहायक. मेंटेनन्सचा हुद्दा यादीत नव्हता. सगळ्यांना त्याच दिवशी जामीन मिळाला.